थायोग्लायकोलेट: रिबाँडिंगचं क्रीम, केस काढायचं क्रीम आणि थांबायची वेळ

केस सरळ करायच्या क्रीममध्ये आणि केस काढून टाकायच्या क्रीममध्ये काम करणारं मूळ रसायन बहुतेक वेळा एकच असतं. ते म्हणजे थायोग्लायकोलिक ॲसिड, आणि त्याचे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे क्षार, म्हणजेच थायोग्लायकोलेट. हा गंधक असलेला सेंद्रिय पदार्थ आहे. डबा उघडल्या उघडल्या नाकात जाणारा तो कुबट वास त्या गंधकाचाच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीपासून हल्याळ-कारवारपर्यंत लग्नसराईच्या आधी पार्लरमध्ये रिबाँडिंगला रांग लागते. त्या वेळी काम करणाऱ्या हातांना एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: केस सरळ होणं आणि केस विरघळणं या एकाच वाटेवरच्या दोन जागा आहेत. किती पुढे जायचं हे पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; 7 च्या वर आकडा जितका मोठा तितकी अल्कली कडक), वेळ आणि केसाची आधीची अवस्था यावर ठरतं.

केस केराटीनचा असतो. केराटीनच्या लांब साखळ्या एकमेकींना गंधक-गंधक अशा जोड्यांनी बांधलेल्या असतात. केस कुरळा की सरळ हे बरंचसं या जोड्यांवर अवलंबून असतं. थायोग्लायकोलेट या जोड्या सोडवतं आणि केस मऊ, आकार घेण्यासारखा होतो. मग त्याला सरळ धरून न्यूट्रलायझर लावलं की जोड्या नव्या जागी पुन्हा बांधल्या जातात. 1934 साली गोडार्ड आणि मायकेलिस या दोन संशोधकांनी केराटीनवर थायोग्लायकोलिक ॲसिडच्या होणाऱ्या परिणामांबद्दल लिहिलं. पुढे यावरूनच उष्णता न देता केस कुरळे करायची पद्धत आली. आजचं रिबाँडिंग म्हणजे तेच काम, फक्त रोलरऐवजी सपाट इस्त्री.

जोडी सोडवण्याचं काम खरं करतो तो थायोग्लायकोलेटचा अल्कलीत तयार होणारा विद्युतभारित रूपाचा रेणू. पीएच 9.2 च्या आसपास असे रेणू शंभरात जेमतेम सात-आठ असतात. पीएच 12 च्या वर गेलं की जवळपास सगळेच. म्हणून सरळ करायचं क्रीम साधारण 9 ते 9.5 पीएचला ठेवतात, तर केस काढायचं 12 च्या पुढे. युरोपात याची मर्यादा नियमात लिहिलेली आहे: केस सरळ वा कुरळे करायच्या तयार क्रीममध्ये घरी वापरायला 8 टक्के, व्यावसायिकाला 11 टक्के, दोन्हींचा पीएच 7 ते 9.5, केस काढायच्या क्रीममध्ये 5 टक्के, पीएच 12.7 पर्यंत. आकडे नीट पाहा. केस काढणाऱ्या क्रीममध्ये रसायन कमी आहे, तरी ते केस मोडतं. जोर टक्क्यांपेक्षा पीएचचा जास्त. दुकानातून 80 टक्क्यांचं ॲसिड आणून घरी अमोनियात मिसळायचा विचार कुणी करत असेल तर तो तिथंच सोडावा. ते ॲसिड कातडी आणि डोळा जाळतं, आणि मिसळताना पीएच चुकला की सरळ करायचं क्रीम केस काढायचं क्रीम होतं.

लेबल वाचायची सवय लावून घ्या. 'अमोनियम थायोग्लायकोलेट' हा नेहमीचा प्रकार. 'अमोनिया-फ्री' लिहिलेल्यात बहुतेक वेळा मोनोइथॅनॉलअमाईन असतं. वास कमी येतो, म्हणून ते सौम्य असं समजू नये. अमोनिया उडून जातो तसा क्रीमचा जोर आपोआप थोडा उतरतो. इथॅनॉलअमाईन उडत नाही, केसात राहतं, त्यामुळे ते जास्त वेळ धुवावं लागतं. 'सिस्टेअमीन' हाही गंधकाचाच पदार्थ, पण तो जरा कमी पीएचलाही चालतो. 'ग्लिसरील मोनोथायोग्लायकोलेट' मात्र ॲलर्जीसाठी बदनाम आहे; हात खाजायला लागले की पहिला संशय यावर घ्यावा. आणि ज्या क्रीमवर 'सोडियम हायड्रॉक्साइड' प्रमुख घटक म्हणून लिहिलंय ते वेगळ्या कुळातलं आहे. त्यानं सरळ केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट कधीही चढवू नये, केस हातात येतो.

आधी काय बघायचं

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'किती लांब हवंय?' हा नको. विचारा: गेल्या वर्षभरात केसांना काय काय लावलं? काळी मेहंदी, पावडरचा रंग, ब्लीच, आधीचं रिबाँडिंग, 'केराटीन' ट्रीटमेंट. बायका बऱ्याचदा 'काही नाही, फक्त मेहंदी' म्हणतात. तिथंच थांबून पुढचा प्रश्न विचारावा: मेहंदी भिजवली कशात? आपल्याकडं चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर मेहंदी भिजवायची रीत आहे. तिच्यातलं लोह केसावर बसतं. अल्कलीत थायोग्लायकोलेटला लोह भेटलं की गडद लाल-जांभळा रंग येतो. क्रीम लावल्यावर केसांत जांभळट छटा किंवा गुलाबी फेस दिसला तर तो याचाच. एकट्या रंगाचं एवढं काही नाही. पण लोह क्रीमचा जोर खातं, आणि पुढे न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर मिळून केसाची हानी वाढवतं. नुसत्या पानांच्या मेहंदीचा थर असेल तर क्रीम आत सारखं शिरत नाही, पट्टे पडतात. तांबं किंवा शिसं असलेले हळूहळू काळे करणारे रंग सगळ्यांत वाईट.

शंका असली की तपासणी करा. 30 मिली 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्क्यांचं, हायड्रोजन पेरॉक्साइड काचेच्या ग्लासात घ्या, त्यात 28 टक्क्यांच्या अमोनियाचे 20 थेंब टाका. हातमोजे घाला, खिडकी उघडा. डोक्याच्या मागच्या खालच्या भागातले पंचवीस-तीस केस दोऱ्यानं बांधून अर्धा तास त्यात सोडा. पाणी गरम झालं, बुडबुडे फुटू लागले, केस तुटू लागला किंवा चटकन रंग उतरला तर केसात धातू आहे. त्या डोक्यावर रिबाँडिंग करू नका. रंग लावलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा.

ताणून बघायची परीक्षा वेगळी. एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ओढा. चांगला केस आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा ताणला जातो आणि परत येतो. च्युइंगमसारखा लांबत गेला नि परत आला नाही, किंवा चटकन तुटला, तर तो केस आणखी एक रसायन सोसणार नाही. ब्लीच केलेल्या केसाला सरळ 'नाही' म्हणावं.

टाळू बघा. खरचटलेलं, खाजवून लाल झालेलं, फोड आलेलं असेल तर काम पुढं ढकला. गरोदर बाईलाही नंतरची तारीख द्या. कानामागं मसुराएवढं क्रीम पॅकवरच्या वेळेइतकंच लावून धुवा आणि 48 तास वाट बघा. लग्नासाठी येणाऱ्या मुलीला हळदीच्या आधी किमान तीन-चार आठवडे बोलवा. त्यात आणखी एक सांगायचं राहून जातं: रिबाँडिंग केलेला केस निसरडा होतो. अंबाड्यातून सुटतो, गजऱ्याची पिन धरत नाही. मुहूर्ताला अंबाडाच घालायचा असेल तर हे तिला आधी कळलेलं बरं.

पाणी

पाणी हा आपल्या भागातला खरा अडथळा आहे. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं पाणी आलं तर ते मऊ. अथणी-रायबागकडं बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. आणि ज्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला, नळाखालच्या फरशीवर तांबूस डाग धरतो, त्यात लोह आहे.

ते तपासायला वेगळं किट लागत नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वाटीत चमचाभर पाणी घ्या, त्यात हरभऱ्याएवढं क्रीम ढवळा. पाच मिनिटांत गुलाबी किंवा जांभळी झाक आली तर लोह आहे. तशीच ठेवली तर ती झाक फिकी होईल. पुन्हा ढवळून हवा दिली की परत येईल. असं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, पावसाचं किंवा नळाचं भरून ठेवा. याच कारणासाठी स्टीलचा वाडगा, लोखंडी क्लिप, धातूचा कंगवा या कामात नको. प्लॅस्टिक किंवा काच, बस्स.

पाणी पुरेल का, तेही क्रीम फोडायच्या आधी मोजा. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत अर्ध्या कामात टाकी संपली तर केसात क्रीम तसंच काम करत राहतं. खांद्यापर्यंतच्या केसांना निदान तीन बादल्या, कमरेपर्यंतच्यांना पाच-सहा हाताशी हव्यात, कोमट.

क्रीम लावणं आणि थांबणं

साध्या शाम्पूनं हलक्या हातानं धुवा. नखानं टाळू खाजवू नका, कंडिशनर लावू नका. टॉवेलनं टिपून, गार हवेनं केस फक्त दमट राहतील इतके वाळवा. कपाळाची कड, कान, मान यांना पेट्रोलियम जेली. हातात नायट्राइलचे मोजे. पंखा आणि खिडकी चालू. थायोग्लायकोलिक ॲसिडच्या वाफेसाठी अमेरिकेतली कामगार-सुरक्षेची शिफारस दिवसभराच्या सरासरीनं दहा लाखांत एक भाग एवढीच आहे, बंद खोलीत एकामागून एक तीन गिऱ्हाइकं करणाऱ्या बाईनं हे लक्षात ठेवावं.

डोक्याचे चार भाग करा आणि मानेकडून सुरू करा. एकेक सेंटीमीटरची पातळ बट घेऊन ब्रशनं क्रीम लावा, टाळूपासून एक सेंटीमीटर सोडून. ही जागा सोडायचीच. टाळूची ऊब तिथं काम लवकर करते, आणि मुळाशी मऊ झालेला केस इस्त्रीच्या कडेनं दबला की महिन्याभरानं नेमका तिथंच तुटतो. खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांना 80 ते 100 ग्रॅम क्रीम लागतं, कमरेपर्यंतच्यांना त्याच्या दुप्पट. आधी रिबाँडिंग झालेल्या भागावर कंडिशनरचा जाड थर द्या म्हणजे क्रीम तिकडं उतरणार नाही. लावून झाल्यावर एकदा सपाट विंचरा. पुन्हा पुन्हा नको. मऊ झालेला केस ओढला की लांबतो आणि तसाच बारीक राहतो.

आता घड्याळ. पॅकवर 20 ते 30 मिनिटं लिहिलेली असतात, पण ती एका सरासरी केसाची. राठ, कधी रंग न लावलेला केस 30-35 मिनिटंही घेईल. रंगवलेला 10-15 मिनिटांतच तयार होईल. डिसेंबरात खानापुरात सकाळी काम सावकाश चालतं; एप्रिलमध्ये अथणीत पत्र्याखाली तेच क्रीम झपाट्यानं धावतं. म्हणून दहाव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी केस बघायचा, शेवटी शेवटी दर दोन मिनिटांनी.

बघायचं कसं: लावायला जिथं सुरुवात केली तिथले दोन-तीन केस घ्या, ओल्या कापसानं क्रीम पुसा. कंगव्याच्या प्लॅस्टिकच्या दांडीभोवती दोन वेढे देऊन सोडा. स्प्रिंगसारखे उसळून सुटले तर अजून वेळ आहे. वेढा तसाच सैल पडून राहिला तर तयार. मग एक केस हलकाच ओढा: थोडा लांबून सावकाश परत यायला हवा. परत न येता रबरासारखा लांबतच गेला तर वेळ उलटून गेली आहे; तेव्हा इस्त्री विसरा, लगेच धुवा, न्यूट्रलायझर लावा आणि गिऱ्हाइकाला खरं काय झालं ते सांगा. टोकं आणि मुळं वेगवेगळ्या वेळी तयार होतात. टोकं आधी तयार झाली तर तेवढ्यांवरचं क्रीम पुसून कंडिशनर लावा.

थोडं कमी झालेलं काम इस्त्रीनं सांभाळून घेता येतं. जास्त झालेलं कशानंच परत येत नाही. ज्यांच्या हातून केस तुटतात ते बहुतेक 'अजून पाच मिनिटं ठेवू' म्हणणारे असतात.

धुताना निदान आठ-दहा मिनिटं. शाम्पू नको. बोटांना लागणारा बुळबुळीतपणा आणि तो वास दोन्ही जाईपर्यंत. केसात उरलेलं क्रीम पुढच्या पेरॉक्साइडला खाऊन टाकतं, मग जोड्या बांधायला काही उरत नाही. 'चार दिवसांत परत कुरळे झाले' या तक्रारीमागं अनेकदा हेच निघतं.

इस्त्री

केस शंभर टक्के कोरडे. मुळाशी, मानेजवळ हात घालून बघा. दमटपणा तिथंच लपतो. इस्त्री ठेवल्यावर 'चर्र' आवाज आला तर थांबा: केसाच्या आत पाणी उकळून बारीक फुगे होतात आणि केस तिथून मोडतो. एक-दीड सेंटीमीटरची बट, राठ केसाला 180 अंश, रंगवलेल्याला 150-160, दोन-तीन हात, टाळूपासून एक सेंटीमीटर दूर. मुळाशी इस्त्री तिरकी धरून दाबली तर तिथं कायमची घडी पडते. न्यूट्रलायझर लावल्यावर ती घडी पक्की होते, म्हणून लावायच्या आधी आरशात सगळीकडून बघून घ्या.

न्यूट्रलायझर

यात साधारण 2 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, किंवा सोडियम ब्रोमेट. क्रीमएवढ्याच वजनाचं तयार ठेवा. ज्या क्रमानं क्रीम लावलं त्याच क्रमानं, केस सरळ खाली पडलेले ठेवून लावा. पेरॉक्साइडला पॅकप्रमाणं 5 ते 10 मिनिटं, ब्रोमेटला 10 ते 15. ब्रश आणि वाडगा वेगळा घ्या. उरलेलं क्रीम आणि न्यूट्रलायझर एकत्र आलं की ते तापतं, उसळतं. रंगासाठीचं 6 टक्क्यांचं पेरॉक्साइड तसंच ओतू नका, केस फिका पडेल आणि चरचरेल. ब्रोमेट पोटात गेलं तर घातक आहे. मुलांच्या हाताला लागेल असं मोरीत ठेवू नका. मग साध्या पाण्यानं धुणं, कंडिशनर, वाळवणं.

पुढचे 48 ते 72 तास केस कानामागं अडकवणं, रबर, क्लिप, हेल्मेट आणि ओला करणं टाळा. कारवारकडं किंवा खानापूरच्या पावसात हे तीन दिवस सांभाळणं कठीण जातं, त्यामुळे जुलैपेक्षा नोव्हेंबर-फेब्रुवारी बरा. रंग लावायचा तर दोन-तीन आठवड्यांनी. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. सहा ते आठ महिन्यांनी फक्त नवा वाढलेला भाग करायचा. पूर्ण केसावर पुन्हा क्रीम ओढलं की जुन्या-नव्याच्या सांध्यावर तुटतो.

उघडलेली ट्यूब हवेनं मरते: रसायन आपापसातच जोड्या करून निकामी होतं. झाकण लगेच लावा, पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. जुनं क्रीम काम करत नाही म्हणून वेळ दुप्पट करणं चुकीचं आहे, ते फेकून द्यावं.

केस काढायचं क्रीम

इथं पीएच 12 च्या पुढं असतो, म्हणून हिशोब मिनिटांचा. आधी पोटरीवर रुपयाच्या नाण्याएवढं लावून 24 तास बघा. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावू नका. कोरड्या त्वचेवर केस झाकला जाईल इतका थर, चोळायचा नाही. तिसऱ्या मिनिटाला प्लॅस्टिकच्या पट्टीनं छोटा भाग खरडून बघा. केस वळून, मऊ होऊन निघाला तर सगळं काढा. पॅकवर लिहिलेली कमाल वेळ, जी बहुतेकांवर दहा मिनिटांच्या आत असते, ती ओलांडू नका. राठ केस राहिले तर तीन दिवसांनी परत. धुताना नुसतं भरपूर पाणी, साबण नको, कारण साबणही अल्कलीच. 24 तास डिओडरंट, लिंबू, अत्तर, कडक ऊन नको. ओठाच्या वर, भुवईपाशी, नाजूक जागी फक्त त्या जागेसाठी लिहिलेलंच वापरा. वस्तऱ्यानं कापलेल्या त्वचेवर नाही.

चरचर वाढली तर वेळ बघू नका, कोरड्या कापडानं क्रीम पुसा आणि पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू किंवा व्हिनेगर लावून 'मारायला' जाऊ नका, जळलेल्या त्वचेवर तो दुसरा घाव होतो. फोड आले किंवा डोळ्यात गेलं तर धुणं चालू ठेवून दवाखाना गाठा, आणि डबा सोबत घ्या म्हणजे डॉक्टरांना घटक वाचता येतील.